अरबी समुद्रातली हजेरी

खडपवाडीची शाळा बंद झाली.

हे वाक्य इथे यायचं नव्हतं. रांगेत मागे उभं राहायचं सोडून ते पुढे घुसलं आहे, तेव्हा ते वाचलंच नाही असं धरून चला. शाळा चालू आहे. पट अकरा आहे. घंटा म्हणून दाराला टांगलेलं होडीच्या पंख्याचं मोडकं पातं जागेवर आहे. आणि पौषातल्या त्या सकाळी वेणूबाईच्या डोक्यात शाळेचा विचारसुद्धा नाही. तिच्या डोक्यात चतुर्थी आहे.

चतुर्थी उपासाची नव्हे. तिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कुणी चतुर्थी धरत नसे. चतुर्थी पाण्याची. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, आणि तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. चौथ्या दिवशी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी, म्हणजे सातपासून साडेदहापर्यंत खडप उघडं. खडप म्हणजे वाडीसमोरचा काळा खडक. तो दिवसातून दोनदा समुद्रातून वर येतो आणि दोनदा नाहीसा होतो. वर येतो तेव्हा त्याच्या अंगावर कालवं असतात, आणि कालवांवर वेणूबाई असते.

पूर्वी ती एकटी जायची. पण गेल्या साली मार्गशीर्षात दत्ताराम पोफळीवरून पडला. दत्ताराम म्हणजे तिचा नवरा, सुपारी उतरवणारा. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरायची, तिच्यावरून तिसरी, अशी चाळीस झाडं जमिनीला पाय न लावता करणारा माणूस. एकेचाळिसाव्याला पाय लागले. दोन्ही, आणि पाठोपाठ कंबर. तेव्हापासून तो ओटीवर उताणा पडून वाशांकडे बघत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देत असे.

त्यात वेणूबाईला जवळचं दिसेना झालं होतं. दिघीच्या बाजूने येणारी होडी कुणाची, हे ती इंजिन ऐकू यायच्या आधी सांगायची, पण टोच्याखालचं कालव तिला एकाच्या जागी दोन दिसायचं, आणि घाव बरोबर त्या दोघांच्या मधल्या बोटावर बसायचा. म्हणून कल्पिता. दहा वर्षांची, पाचवीतली, बारीक बोटांची. आईने लोखंडी टोच्याने शिंपलं फोडायचं, लेकीने आतला गर बोटाने उचलून डब्यात टाकायचा. शिंपल्याची कड पात्यासारखी धारदार असते. कल्पिताच्या बोटांवर इतके चरे होते की तिच्या अंगठ्याचा ठसा कुठल्याच यंत्रात लागत नसे.

“आये, सर येतायत,” कल्पिता म्हणाली.

वेणूबाईने मान वर केली. लांबचंच होतं, त्यामुळे तिला नको तितकं स्पष्ट दिसलं. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात, आणि चालणं असं की खाली कुणी अंडी मांडून ठेवली आहेत. हे अजित सर. बीडकडचे. खडपवाडीला नेमणूक होईपर्यंत त्यांनी समुद्र फक्त नकाशात पाहिला होता, आणि तिथे तो निळा आणि स्वस्थ होता.

शाळेचं माणूस दिसलं की वेणूबाई आधी लपायला जागा बघायची. ती स्वतः चौथीत असताना बाईंनी तिला ‘वास येतो, मागं बस’ म्हणून शेवटच्या रांगेत बसवलं होतं. शेवटच्या रांगेमागे दार होतं. एक दिवस ती आणखी थोडी मागे सरकली ती बाहेरच गेली, आणि तिला परत बोलवायला कुणी आलं नाही. तिने टोचा पाठीमागे धरला. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हाताला कळेना.

“कल्पिता! शाळा कामून बुडवायलीस?” सरांनी लांबूनच विचारलं.

“सर, तिथंच थांबा! शेवाळ हाय!”

सर थांबले. म्हणजे बसले. म्हणजे पडले. बूट एका डबक्यात गेले, मोबाईल मात्र वरच राहिला. पडताना मोबाईल वर धरणं हे खात्याच्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, ते अनुभवाने येतं.

“लागलं काय?” वेणूबाईने विचारलं. पहिलंच वाक्य ती त्यांच्याशी बोलली.

“नाही नाही. मी इथंच बसणार होतो.” सर उठले, पुन्हा बसले, आणि मग बसूनच बोलू लागले. “ताई, रागवायला नाही आलो. वरून पत्र आलंय. शिक्षक-विद्यार्थी स्नेहबंध पंधरवडा. प्रत्येक मुलाच्या पाच भेटी घ्यायच्या, त्याच्याशी आपुलकीनं बोलायचं, आणि आपुलकीचा फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा. तुमच्या घरी दोनदा आलो.”

“ह्यांनी सांगितलं,” वेणूबाई म्हणाली.

ह्यांनी, म्हणजे दत्तारामने, सांगितलं होतं ते असं: “मास्तर येऊन माझ्यासंगट फोटो काढून गेला. पण त्याचं अ‍ॅप मला पाचवीतली मुलगी मानायला तयार न्हाय.”

“आज पंधरवड्याचा शेवटचा दिवस,” सर म्हणाले. “म्हणून इथंच आलो. तुम्ही काम करा. मी आपला आपुलकीनं बसतो.”

आणि ते बसले. वेणूबाईला कुणी बघत असताना काम करायची सवय नव्हती. तिचा एक घाव खडकावर गेला, दुसरा हवेत. “डावीकडं गो आये, अजून डावीकडं,” असं कल्पिता हळूच सांगत होती. सरांनी ते ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही. त्यांनी खिशातून हजेरीचा कागद काढला.

“कल्पिता, मी तुझी वर्षाची गैरहजेरी मांडून बघितली. महिन्यातून दोनदा तू सलग तीन दिवस सकाळी नसतेस, अन् दोनदा तीन दिवस दुपारी पळतेस. सुट्टी बघितली, बाजार बघितला, काहीशीच जुळंना.”

“चतुर्थी, पंचमी, षष्ठी सकाळची,” कल्पिता गर उचलता उचलता म्हणाली. “बारस, तेरस, चौदस दुपारची. मधल्या दिवसांला भांग असतो, तवा पाणी धड उतरत न्हाय. मंग मी शाळेत असतंय.”

“हे कसं काढतेस?”

“पाऊणेनं गुणायचं. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार...” बोटं थांबली नाहीत. पंधरापर्यंत गेली आणि तिने नाक पुसलं.

सर बघतच राहिले. अपूर्णांकाचा धडा त्यांनी वर्गात तीनदा शिकवला होता. एकदा भाकरीचे तुकडे करून, एकदा कागदाचे, आणि एकदा स्वतःच्या संयमाचे.

“कुणी शिकवली पाऊणकी?”

“आयनं.”

वेणूबाई घाबरली. आता हेही चुकलं की काय.

“ताई,” सर म्हणाले, “मला नव्हतं जमलं हे.”

चांगलं बोलले की वाईट, ते तिला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

मग सरांनी मायलेकींच्या मध्ये बसून फोटो काढला आणि तो पाठवायला लावला. आता खडप आणि किनारा यांच्या मधोमध एक चर आहे. भरती समोरून येताना दिसते, पण पाणी आधी मागून, त्या चरातून चढतं. वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा हे माहीत आहे, त्यांना बदलीचे अर्ज करावे लागत नाहीत.

“सर, चला,” कल्पिता म्हणाली.

“थांब, ब्याण्णव टक्के झालंय.”

“सर, चर भरतोय.”

“पंच्याण्णव.”

वेणूबाईने डबा डोक्यावर घेतला, टोचा कमरेला खोचला आणि चर गाठला. मागे वळून बघते तर पाणी मांडीला आणि सर अजून खडकावर. सगळा रंग उतरलेला. “मला पोहता येत नाही,” ते अगदी हळू म्हणाले. वर्गात उत्तर न आलेलं पोर जसं म्हणतं तसं.

कल्पिता परत गेली. तिने सरांचा हात धरला. “उजवा पाय टाका. खाली खाच हाय, तिच्यात ठेवा. आता डावा. पाण्याकडं बघू नका सर, चक्कर येते. माझ्या वेणीकडं बघा.”

सर लाल रिबिनीच्या वेणीकडे बघत कमरेएवढ्या पाण्यात उतरले. वेणूबाई पलीकडे उभी राहून श्वास धरून होती. माणूस बुडेल ही भीती होतीच, पण सरकारी माणूस आपल्यामुळे बुडेल ही त्याहून मोठी. अगदी मधोमध आल्यावर, पाणी पट्ट्याच्या वर असताना, डोक्यावर धरलेला मोबाईल टुंग करून वाजला.

“शंभर टक्के,” सर म्हणाले, आणि रडकुंडीला आलेले असतानाही हसले.

तिथून पुढे ओहोटीच्या दिवशी सर खडपावर येऊ लागले. सकाळी आठला यायचे, तास-दीड तास शिकवायचे आणि घंटेला शाळेत. कल्पिताने कालवं उचलायची, त्यांनी वाचायचं. वाऱ्याने पुस्तकाची पानं उलटली की धडा आपोआप बदलायचा. इंग्रजीतून निघालेली गोष्ट परिसर अभ्यासात जाऊन संपायची. बाकीच्या बाया ओरडायच्या, “सर, आमची पन हजेरी घ्या की!” सर खरंच घ्यायचे. त्या खरंच ‘हजर’ म्हणायच्या आणि हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. भांगाच्या दिवसांत कल्पिता घंटेच्या आधी शाळेत. असा सौदा होता, पण तो कुणी कुणाशी बोलून केला नव्हता.

“ह्यांना पायजे तरी काय?” वेणूबाईने एका दुपारी दत्तारामला विचारलं. “कोन येतंय फुकट उन्हात?”

“कालवं पायजे असतील,” दत्ताराम वाशांना म्हणाला.

म्हणून तिने कल्पिताच्या हाती वाटीभर सुकं करून पाठवलं. सरांनी ते डोळे मिटून खाल्लं असं कल्पिता सांगत आली. कोळिंबीला झुरळ म्हणणाऱ्या माणसाच्या मानाने हे पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती शेंगदाण्याच्या चटणीने भरून. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे बीडमध्येही माहीत आहे हे बघून वेणूबाईला जरा बरं वाटलं. मग ही वाटी महिनाभर जात-येत राहिली. कधी सोलकढी गेली, कधी सरांच्या डब्यातून भाजलेलं कारळं आलं. वाटीची हजेरी शंभर टक्के होती.

आणि मग नोटीस आली.

सर ती घेऊन ओटीवर आले. स्वतः वाचवेना म्हणून त्यांनी ती कल्पिताकडे दिली, वाचनाचा सराव म्हणून. कल्पिता उभी राहून, खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबत वाचू लागली:

“उपरोक्त दिनांकास सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी आपण शाळेपासून सहाशे वीस मीटर अंतरावर, अरबी समुद्रात, आढळून आला आहात. शालेय वेळेत समुद्रात जाण्यापूर्वी आपण सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली होती काय? नसल्यास आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.”

“चांगलं वाचलंस,” सर म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते.

“सर, सक्षम अधिकारी म्हणजे?”

“ज्याला पोहता येतं तो,” दत्ताराम म्हणाला.

वेणूबाई चुलीपुढून उठून दारात आली. “आमच्यामुळं झालं.”

“नाही ताई.”

“फोटोत मीच हाय. समुद्रात मीच बसलेली हाय.”

तेवढ्यात सफुरा आली. सफुरा म्हणजे शाळेच्या समितीची अध्यक्ष. तिचा नवरा कतारला, पोरगी आफरा तिसरीत, आणि वाडीतली कुठलीही वाईट बातमी तिला टपालाच्या आधी मिळायची. ती धापा टाकत ओटीवर टेकली.

“सर, नोटीसचं राहू दे. त्याच्या पुढचं आलंय. मॅडम येतायत तपासणीला. आज चांद नववा, येतील ते पुढच्या चांदच्या पाच तारखेला.”

“म्हणजे आमची पंचमी,” वेणूबाई म्हणाली. दोघींचे दोन कॅलेंडर, पण पाणी एकच.

“पट अकरा,” सर सावकाश म्हणाले. “अकराच्या अकरा पोरं त्या दिवशी अ‍ॅपवर हजर लागायला पायजेत, सकाळी अकराच्या आत. एक जरी कमी भरलं तर दहा धरणार. दहावर शाळा चालत नाही, असं वरून आलंय. मग पोरं बोर्लीला.”

“सात किलोमीटर,” सफुरा म्हणाली. “एसटी सकाळी सहाला. बोर्लीची शाळा उघडते साडेदहाला. तवर पोरं काय करतील?”

“बसतील.”

“कुठं?”

हे पत्रात नव्हतं. सफुराने कपाळाला हात लावला. “या अल्ला. आफराचा बाप फोनवर रोज इचारतो, शाळा हाय ना? मी रोज बोलते, हाय. आता समुदरात सर दिसले म्हणून शाळा जाणार? समुदरात तर आमचे समदेच दिसतात.”

अकरावी कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. सहाच्या एसटीने कल्पिता पहिले चार दिवस जाईल. मग चतुर्थी येईल. मग ती थोडी मागे सरकेल, आणि तिला परत बोलवायला सात किलोमीटरवरून कोण येणार?

“पंचमीला ती शाळेत असेल,” वेणूबाई म्हणाली. “मी एकटी जाईन खडपाला.”

“तुला दिसत न्हाय,” दत्ताराम म्हणाला.

“लांबचं दिसतंय की.”

पंचमीपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. भात उतू जायचं. टोचा हातात असताना ती टोचा शोधायची. आदल्या दिवशी तिने कल्पिताचा गणवेश दोनदा धुतला, दुसऱ्यांदा फक्त वास घेऊन बघायला. तिला साबणाशिवाय काही आला नाही, तरी तिने तो तिसऱ्यांदा पिळला.

पंचमीला पूर्वेचा बोचरा वारा सुटला होता. नऊला ती खडपावर होती. शेजारी कल्पिता नव्हती, त्यामुळे डावीकडं गो आये, असं सांगायला कुणी नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात तिने दोन बोटं फोडली. मिठाचं पाणी आत गेलं की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. डब्यात गरापेक्षा शिंपल्याच्या कपच्या जास्त होत होत्या. पण तिचं लक्ष तिथे नव्हतंच. ती दर दोन घावांनी मान वर करून शाळेकडे बघायची. गाडी आली. पांढरी. पात्याची घंटा वाजली. टण्ण. चला, आत गेली असतील. आता चेहरे दाखवतील त्या मोबाईलला. झालं की संपलं.

तिने पुढचे चार घाव जरा नीट घातले आणि पुन्हा मान वर केली.

किनाऱ्यावरून एक रांग येत होती. पुढे सर, मग एक बाई, मग पोरं. तिने मोजली. अकरा.

वेणूबाईच्या हातातून टोचा सुटला.

झालं होतं असं: मृणाली मॅडम, तपासणीला आलेल्या, वयाने सरांएवढ्याच, बऱ्या बाई होत्या. गाडीतून उतरताच त्या म्हणाल्या, “सर, ती नोटीस माझ्या सहीची. म्हणजे सिस्टीमने काढली, मी सही केली. ती जागा आधी दाखवा, तुमचा खुलासा मान्य करून टाकते. हजेरी आल्यावर घेऊ, अकराला अवकाश आहे.” सर एकटेच निघाले असते. पण सरांना चरातून एकट्याने नेणं कल्पिताला पटेना, आणि कल्पिता निघाल्यावर बाकीच्या दहांना वर्गात थांबणं पटेना.

मॅडम चपला हातात घेऊन खडपावर चढल्या. त्यांनी मोबाईल काढला. नकाशात त्यांचं टिंब निळ्या रंगात, चहूकडे निळं, खाली लिहिलेलं ‘अरबी समुद्र’.

“अरे! म्हणजे मी पण आता...”

“होय मॅडम,” सर म्हणाले. “आपण मुख्यालय सोडलंय.”

मॅडम हसल्या. वेणूबाईला हसू आलं नाही. ती पदराला बोटं पुसत उभी होती, आणि रक्त पदराला लागत होतं. मग मॅडमनी कल्पिताला विचारलं, सर कसे शिकवतात? कल्पिता म्हणाली, “चांगले. पण त्यांना चरातून आणावं लागतं.” मॅडमनी विचारलं, भीती वाटते का सरांची? कल्पिता विचारात पडली. “मला न्हाय. त्यांना वाटते, पाण्याची. मी हाय ना.” मग पाऊणकी झाली, पंधरापर्यंत. तिसरीतल्या आफराने पाच पाऊण पावणेचारला चुकून चार म्हटलं, तेव्हा दहा पोरं आणि सर, सगळे एकदम ओरडले.

“असं मी कुठंच बघितलं नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. “मी लिहीन हे. सगळं लिहीन.”

त्या निघाल्या. आणि वेणूबाईच्या तोंडून निघून गेलं, “रिकाम्या तोंडी जाऊ नका मॅडम.”

आलेल्या माणसाला असं पाठवत नाहीत. तिने डब्यातला एक चांगला गर निवडला, कपच्या काढल्या, समुद्राच्या पाण्यात खळबळला आणि पुढे धरला. ‘वास येतो’ असं त्या म्हणाल्या तर काय करायचं, ते तिने ठरवलं नव्हतं. मॅडमनी खाल्ला. डोळे मोठे झाले. “अजून आहे?”

सरांच्या हातात घड्याळ होतं, पण मोबाईलवर सगळं बघायची सवय, आणि मोबाईल फोटो काढणाऱ्या आफराकडे. त्यांनी वेणूबाईकडे बघितलं. “ताई, वेळ आहे ना?”

वेणूबाईने चराकडे बघितलं. लांबचं तिला चांगलं दिसायचं. पाणी अजून वरच्या खाचेच्या अर्धा हात खाली होतं.

“हाय की,” ती म्हणाली. “निवांत हाय. अर्धा हात तरी हाय.”

हे अगदी खरं होतं. मॅडमनी आणखी दोन खाल्ली. एका पोराने खेकडा दाखवला. सगळ्यांचा मिळून फोटो झाला. चरातून परतताना पाणी पोरांच्या घोट्यालाही लागलं नाही.

शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. अ‍ॅपने सांगितलं: उपस्थिती नोंदवण्याची वेळ संपली आहे. आजची उपस्थिती: शून्य. मॅडमनी पुन्हा दाबलं. शून्य. अकरा पोरं समोर ओल्या पायांनी उभी, आणि शून्य. मग मॅडमनी स्वतःची भेट नोंदवायला घेतली, तर तिथे आलं: अधिकारी शाळेत आढळून आले नाहीत.

मॅडम खरंच बऱ्या होत्या. त्यांनी वर फोन केला, पत्र लिहिलं, स्वतः जाऊन आल्या. वरच्यांनी पुरावा मागितला. त्यांनी सगळ्यांचा एकत्र फोटो जोडला. आठ दिवसांनी त्यांना उत्तर आलं, की शालेय वेळेत अकरा अल्पवयीन विद्यार्थी व एक शिक्षक यांना घेऊन आपण अरबी समुद्रात कोणत्या अधिकारात गेला होतात?

आता ते पहिलं वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

सरांची बदली झाली. बीडला. सहा वर्षं दरवर्षी अर्ज करून जी मिळाली नव्हती ती आठवड्यात आली, न मागता. निघायच्या आदल्या दिवशी ते ओटीवर आले. दत्तारामने त्यांना बीडमध्ये कुठे उतरायचं याचा सल्ला दिला. तो कधी पनवेलच्या पुढे गेला नव्हता.

“डबा राहिलाय माझा तुमच्याकडं,” सर म्हणाले.

“राहू दे,” वेणूबाई म्हणाली. “रिकामा कसा देऊ? आता भांग हाय.”

तिला सांगायचं होतं. अठरा दिवस ते तिच्या तोंडाशी येऊन परत जात होतं, जेवताना, पाणी पिताना. शेवटी ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, “मी बोलले वेळ हाय म्हणून.”

“ताई, होता की वेळ,” सर म्हणाले. “पाणी कुठं चढलं होतं?”

ती चूल फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती.

पाचवीच्या पुस्तकात शेवटी अर्जलेखन आहे. ते राहिलं होतं. सरांनी तिथेच, ओटीवर, कल्पिताला ते शिकवलं. वरच्या कोपऱ्यात दिनांक, मग प्रति, मग विषय, मग महोदय, आणि मागायचं ते शेवटी, नम्रपणे. मजकूर तिने तिचा लिहिला. सरांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. खाली वेणूबाईने सही केली. चौथीपर्यंत शिकलेली, कागद हाताच्या अंतरावर लांब धरून, पूर्ण नावाची, आठ मिनिटं लागली.

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,

विषय: अरबी समुद्र शाळेच्या आवारात धरण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, पंचमीच्या दिवशी आमच्या शाळेतील अकरा मुले, सर व मॅडम असे सर्वजण हजर होतो. मी मोजले होते. माझ्या आईने वेळ आहे असे सांगितले होते व ते खरे आहे. पाणी अर्धा हात खाली होते. आपण म्हणाल त्या पंचमीला येऊन बघावे, आम्ही चरातून नेऊ.

तरी शाळेपासून सहाशे वीस मीटरपर्यंतचा अरबी समुद्र (फक्त ओहोटीचा) हा आमच्या शाळेच्या आवारात धरण्यात यावा, त्या दिवशीची हजेरी पाण्याच्या वेळेप्रमाणे लावून मिळावी, आणि आमचे सर आम्हाला परत देण्यात यावेत, ही नम्र विनंती.

सोबत: पाऊणकी (एक ते पंधरा).